१५९ हर्ट्झला ०.४५ व्होल्टच का आला?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: १० किलोओमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर यांच्या लो-पास फिल्टरचा (कमी फ्रिक्वेन्सी जाऊ देणाऱ्या सर्किटचा) कटऑफ, म्हणजे जिथे आउटपुट इनपुटच्या ०.७१ पट उरतं ती फ्रिक्वेन्सी, मी १५९ हर्ट्झ दिला. तुम्ही नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीची १ व्होल्टची साइन वेव्ह दिलीत, तर ०.७१ऐवजी ०.४५ व्होल्टच मिळाला. म्हणजे सूत्र नुसतं पुस्तकी. शिवाय टाइम कॉन्स्टंट (आरसी, म्हणजे रेझिस्टन्स आर गुणिले कपॅसिटन्स सी) १ मिलिसेकंद असेल तर कटऑफ सरळ १००० हवा, हे १५९ कुठून काढलं?

दुसरा मुद्दा आधी, तो लगेच मिटतो. १ला आरसीने भागलं की १००० येतात खरे, पण ते रेडियन प्रति सेकंद. एका आवर्तनात ६.२८ रेडियन. भागा, १५९ हर्ट्झ.

आता ०.४५. तुमचं मोजमाप चोख आहे. पण तुम्हीच लिहिलंय की आउटपुटला १० किलोओम इनपुट रेझिस्टन्सची पुढची स्टेज जोडलेली होती. गोम तिथेच आहे. सूत्रातला आर म्हणजे कपॅसिटरला त्याच्या दोन टोकांवरून दिसणारा एकूण रेझिस्टन्स. सोर्सचा रेझिस्टन्स नगण्य धरला, तर तुमच्या कपॅसिटरला दोन्ही १० किलोओम समांतर दिसतात, म्हणजे ५ किलोओम. कटऑफ गेला ३१८ हर्ट्झवर. त्याच जोडीचा व्होल्टेज डिव्हायडरही झाला, म्हणजे व्होल्टेज दोघांत वाटलं गेलं, त्यामुळे डीसीलासुद्धा (शून्य फ्रिक्वेन्सीला) अर्धाच व्होल्ट. १५९ हर्ट्झ म्हणजे नव्या कटऑफच्या निम्म्यावर. तिथे आउटपुट ०.८९४ पट. अर्ध्याला त्याने गुणलं की ०.४४७. तुमच्या मीटरने सूत्राचीच बाजू घेतलीय!

पुढची स्टेज १०० किलोओमची असती तर कटऑफ १७५ वर आणि डीसी ०.९१ वर थांबलं असतं. किंवा मध्ये ऑपअँपचा बफर टाका, म्हणजे पुढच्या स्टेजचा भार फिल्टरवर येणार नाही. (बाकी दशांशांच्या मागे लागू नका. कपॅसिटर ±२० टक्क्यांचा असेल तर १५९चे १३३ ते १९९ काहीही होऊ शकतात.)

टायमिंगमध्ये, म्हणजे कपॅसिटर भरण्याच्या वेळेवर टायमर चालवताना, हाच लोड (पुढे जोडलेली स्टेज) जास्त छळतो. कपॅसिटर एका टाइम कॉन्स्टंटमध्ये ६३ टक्के भरतो, पाचमध्ये ९९. पण हे टक्के अंतिम व्होल्टेजचे, सप्लायचे नव्हेत. सप्लायच्या निम्म्यावर ट्रिगर होणारा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट) असेल तर लोडशिवाय ०.६९ मिलिसेकंदात काम होतं. तुमच्या जोडणीत टाइम कॉन्स्टंट अर्ध्या मिलिसेकंदावर आलाय, म्हणून उलट लवकर ट्रिगर होईल असं वाटेल. पण तिथे अंतिम व्होल्टेजच सप्लायच्या निम्मं आहे. कपॅसिटर त्या निम्म्याच्या रेषेच्या जवळ जात राहील, ती ओलांडणार नाही, आणि टायमर सुटणारच नाही.