मध-कांद्याच्या रसाने मोतीबिंदू विरघळत नाही

मध, कांद्याचा, आल्याचा आणि लिंबाचा रस एकत्र करून डोळ्यात थेंब टाका, मोतीबिंदू विरघळतो, आयुर्वेदात सांगितलंय, असा मेसेज परत फिरतोय. प्लीज कुणी करू नका. माझ्या मावशीने केलं होतं, दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, पापणी उघडेना, पाणी थांबेना.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतली लेन्सच गढूळ होते, वरून टाकलेला रस ती परत स्वच्छ करू शकत नाही. घरातला मध-रस निर्जंतुक नसतो, बुबुळाला जखम किंवा इन्फेक्शन होऊ शकतं.

आणि आयुर्वेदाचं नाव घेताय तर सुश्रुतसंहितेचा उत्तरतंत्र हा भाग बघा ना, तिथे कफज लिंगनाशासाठी (म्हणजे मोतीबिंदूसारख्या विकारासाठी) चक्क शस्त्रकर्म दिलंय, शलाकेने, म्हणजे बारीक सळईसारख्या हत्याराने, गढूळ भाग बाजूला सारायचा, मग तुपाची पट्टी बांधून रुग्णाला उताणं झोपवायचं! आता ती लेन्स काढून कृत्रिम बसवतात.

आयुर्वेदात डोळ्यात तूप भरायचा नेत्रतर्पण नावाचा उपचार आहे, पण तो वेगळा. त्यात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचा बांध करून, डोळा मिटलेला असताना कोमट औषधी तूप पापण्यांचे केस बुडेपर्यंत भरतात, मग हळूहळू उघडझाप. तेही वैद्यांनी तपासून, त्यांच्याच हातून, आणि तेसुद्धा मोतीबिंदू घालवायला नाही. मावशीचं ऑपरेशन नंतर झालं, आता सुईत दोरा स्वतः ओवते.