गरुड चोच फोडून घेत नाही

सध्या इंदूरच्या मराठी घरांत मोबाइलवरून एक मजकूर फिरतो आहे. गरुड म्हणे सत्तर वर्षं जगतो, पण चाळिशीत त्याची चोच वाकते. मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर फोडतो, नखं-पिसं उपटतो, पाच महिने वेदना सोसतो आणि पुढे तीस वर्षं जगतो. पुढे त्यात म्हटलंय, आपल्या अहिल्याबाईही अशाच एकेका दुःखानं थोर होत गेल्या. तेव्हा रडू नका, आणि अडचणीतल्या माणसाला त्याचं त्याला सोसू द्या, तो घडेल.

आधी गरुड. चोचीत आत हाड असतं, वर केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याचंच, आवरण. ते आयुष्यभर वाढतं आणि वापरानं झिजतं. चोच मोडलेल्या गरुडाला मांस फाडता येणार नाही. तो उपाशी मरेल. पिसं थोडी थोडी गळतात आणि नवी येतात, म्हणून उडणं थांबत नाही. रानातले मोठे गरुड साधारण वीस-तीस वर्षं जगतात, म्हणजे गोष्टीतली ती चाळिशीच बहुतेकांना लाभत नाही. गोष्ट सोडा, तात्पर्य घ्या, असं कुणी म्हणेल. मला तात्पर्याचीच भीती वाटते. स्वतःला इजा केली की नवा जन्म मिळतो, हे खचलेल्या वीस वर्षांच्या पोराला पाठवायचं?

अहिल्याबाईंच्या बाबतीत तर उघड अन्याय आहे. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले. सासरे मल्हारराव होळकर यांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही आणि तिच्यावर दौलतीची कामं सोपवली. 1765 मधल्या पत्रात ते तिला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरला जायला आणि दारूगोळ्याची व्यवस्था लावायला सांगतात. वैधव्यातल्या बाईवर एवढा विश्वास टाकणारा सासरा त्या काळात किती जणींच्या वाट्याला आला असेल? 1766 मध्ये मल्हारराव आणि 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला, तेव्हा कारभार हाती घ्यायला त्या तयार होत्या त्या या शिक्षणामुळे. फौजेच्या बाजूला तुकोजी होळकर उभे होते. हे सगळं पुसून श्रेय मृत्यूंना द्यायचं? त्याच माळव्यात, त्याच शतकात किती जणी विधवा झाल्या, त्यांचं दुःख काही कमी नव्हतं.

आणि ‘रडू नका’? 1791 मध्ये जावई गेल्यावर त्यांची मुलगी मुक्ताबाई सती निघाली. अहिल्याबाईंनी तिची विनवणी केली, ती थांबली नाही. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनं माळव्यातल्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवलं आहे की त्यानंतर त्या तीन दिवस जेवल्या नाहीत, बोलल्या नाहीत. तेव्हा त्यांच्यामागे अनेक वर्षांचा राज्यकारभार होता. इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी हे तीन दिवसही लक्षात ठेवावेत.

‘संकट हाच गुरू’ यात अजिबात तथ्य नाही, असं मी म्हणत नाही. टेडेस्ची आणि कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतरच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांच्या मते ही वाढ त्या आघाताशी झगडताना होते, सगळ्यांची होत नाही, आणि झाली तरी दुःख सोबत राहतं. हवाई बेटांतल्या कौआईवर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा नीट उभा राहिला. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते हे, की आजी असो, शेजारी असो वा शिक्षक, भरवशाचं निदान एक माणूस त्यांच्याजवळ होतं.

म्हणून शेवटचा मुद्दा, ‘त्याचं त्याला सोसू द्या’, मला सगळ्यात घातक वाटतो. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या खोल्यांत गावाकडून आलेली कितीतरी मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. निकाल हुकला, घरून पैसे उशिरा आले, तर त्यांना गरुडाची गोष्ट पाठवू नका. फोन करा, जेवायला घरी बोलवा, पुढच्या महिन्याचं भाडं आहे का ते विचारा. झोप उडाली असेल, मरणाची भाषा येत असेल तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक त्याच्याजवळ बसून लावा. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.