दारू, काळजी आणि ‘मग ती घर का सोडत नाही?’

नमस्कार. घरात बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल मी लिहिलं, त्यावरच्या एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. मारहाणीचं मूळ दारूत आहे, ती सुटली की संसार मार्गी लागतो. बायकोचा फोन बघणं, तिचा पगार आपल्या ताब्यात ठेवणं याला मी धोक्याची खूण म्हटलं, पण ती काळजी असते. आणि खरंच इतका जाच असेल तर बाई घर सोडून जाते.

दारूबद्दल तुम्ही म्हणता ते बरंचसं खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21), ज्यांचे नवरे वारंवार पिऊन तर्र होतात अशा बायकांपैकी 70 टक्क्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण नवरा दारूला शिवतही नाही, तिथेही हाच आकडा 23 टक्के आहे. तिथल्या मारहाणीचं मूळ दारूत कसं सापडणार? शिवाय पिऊन आलेला माणूस साहेबावर हात उगारत नाही, घरी येऊन बायकोवर उगारतो. कुठे खपून जाईल हे त्याला नशेतही कळतं.

काळजीच्या मुद्द्यावर मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. माझ्या माहितीत एक शिक्षिका आहे. पगार तिच्या खात्यात जमा होतो, मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. भाजीला पैसे मागून घ्यायचे, उरलेली चिल्लर परत करायची, रात्री हिशेब द्यायचा. आईला फोन लावला तर तो स्पीकरवर. त्यानं तिच्यावर कधी हात टाकलेला नाही, म्हणून नातेवाईक त्याला गुणी जावई म्हणतात. त्याच सर्वेक्षणात बायकांना हेच विचारतात: नवरा संशय घेतो का, मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरशी संबंध तोडायला बघतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवतो का. असली बंधनं जितकी जास्त, तितकं मारहाणीचं प्रमाण चढत जातं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानंही आर्थिक छळ हा हिंसाचारच मानला आहे.

राहिलं घर सोडणं. जायचं कुठे? बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात केलेल्या अभ्यासात, नावावर काहीच नसलेल्या 49 टक्के बायकांनी मारहाण सोसली होती; घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. आणि बाई निघायचं ठरवते तेव्हा जीवाचा धोका कमी होत नाही, वाढतो. अमेरिकेत संशोधक जॅकलीन कॅम्पबेल यांनी जोडीदाराकडून होणाऱ्या बायकांच्या खुनाचा धोका ओळखण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात त्यानं कधी गळा दाबला का आणि ती त्याला सोडून गेली आहे का, हे दोन्ही प्रश्न आहेत.

कायद्यानं तर तिला त्याच घरात राहायचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. त्यासाठी याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला हा नंबर द्या. पण ती एकटी असताना, तोंडी. मेसेज करू नका, तिचा फोन कदाचित तिच्याआधी तोच वाचत असेल.