चेनीक तेल येयना

आमच्या मागच्या पडवीवर फणसाची एक फांदी दरवर्षी थोडी थोडी वाकत आली आहे. यंदा ती कौलांपासून वीतभर अंतरावर पोचली आणि मृग तोंडावर आला. "ती फांदी तोडल्याशिवाय मुंबयक जावचा नाय," असा आईचा हुकूम निघाला.

मे 2021 च्या तौक्ते वादळात अंगणातला आंबा आडवा झाला, तेव्हा मी पेट्रोलवरची चेन सॉ घेतली होती. गावात तिला 'कटर' म्हणतात. आंबा संपला तशी ती माळ्यावर गेली. आता खाली उतरवली, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-टी ऑइल मिसळलं, चेनीच्या ऑइलची वेगळी टाकी काठोकाठ भरली आणि दोरी ओढली. सतराव्या ओढीला कटर भुंकली. आधी खालच्या, हाताला येणाऱ्या दोन फांद्या तोडून हात साफ केला. तिसरीला धूर यायला लागला. मला वाटलं, ओलं लाकूड. ओलं लाकूड चुलीत धुरतं, करवतीखाली नव्हे, हे आईने स्वयंपाकघरातूनच कळवलं. मशीन बंद करून पाहिलं तर चेन सैल होऊन मंगळसूत्रासारखी लोंबत होती आणि ज्या पात्यावरून ती फिरते तो बार चटका देत होता.

चेनीला तेल मिळत नव्हतं. बाकी सगळ्यांना मिळत होतं. माझ्या पँटीला, पडवीच्या सारवलेल्या जमिनीला, मांजराला.

खात्री करायची सोपी रीत असते. बारचं टोक कागदासमोर धरून मशीन जोरात चालवायची, म्हणजे चेनीवरून उडालेल्या तेलाची रेघ कागदावर उमटते. घरात पांढरा कागद म्हणजे लग्नपत्रिकेची मागची बाजू. ती कोरडीच राहिली.

तेवढ्यात पुढचं दार करकरलं. आमच्या त्या दाराची करकर म्हणजे शेजारचे काका येत असल्याची वर्दी. एरवी मी ती ऐकून परसात सटकतो, आज हातात कटर होती.

"ट्रॉलरवरचा जळका ऑइल घाल," काका म्हणाले. "दर्यात चलता, तुझ्या फणसाक कशाक चलाचा नाय?"

काका खोबरेल, एरंडेल असे पर्याय सांगत राहिले आणि मी टाकीत डोकावलो. टाकीच्या तळाशी नळीच्या टोकाला एक छोटी गाळणी असते. बायकोच्या केसांच्या आकड्याने ती ओढून काढली. काळी ठिक्कर होती. पेट्रोलमध्ये धुऊन परत बसवली. टाकीत हवा जायचा झडपेचा मार्ग तुंबला तरी आत पोकळी होऊन तेल अडतं, म्हणून झाकण सैल करूनही पाहिलं. पत्रिका कोरडी ती कोरडी.

आता संशय पंपावर. पंप असतो क्लचच्या मागे, त्याला फिरवणारा दात्यांचा तुकडा झिजला की खेळ खलास. क्लच सोडवताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी आत सारतात. मी आईची कपडे वाळत घालायची दोरी सारली आणि पान्याला लोंबकळलो. अर्धा तास. काकाही लोंबकळले. क्लच हलेना. मग पुस्तकात वाचलं की क्लचला उलटे आटे असतात. सोडवायचा तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचा. म्हणजे दोन सुशिक्षित पुरुष अर्धा तास तो आवळत होते.

शेवटी कुडाळच्या मेकॅनिकला फोन.

"टाकीतला तेल कमी झाला काय?"

"अजिबात नाही!" मी अभिमानाने म्हटलं. "काठोकाठ आहे!"

"मगे ती पीतच नाय. पेट्रोलची टाकी संपता तवसर तेलाची पण संपाक होई." थोडं थांबून त्याने विचारलं, "बार काढून चालू करून बघलंस?"

नव्हतं बघितलं. दोरी काढली, प्लग बसवला, बार आणि चेन उतरवून मशीन चालू केली. भोकातून तेल शहाण्यासारखं झिरपत बाहेर आलं. पंप ठणठणीत होता. ही तपासणी दोन मिनिटांची. मी दुपारचं जेवण सोडून बाकी सगळं आधी केलं होतं.

म्हणजे दोष बारमध्ये. मशीनमधून आलेलं तेल बारवरच्या बारीक भोकातून त्याच्या खाचेत उतरतं आणि चेन ते पुढे ओढत नेते. ते भोक कुठे आहे हेच दिसेना. भुसा आणि फणसाचा चीक यांची तिथे लगदी बसली होती, घट्ट, रबरासारखी.

आईने बार हातात घेतला, उलटसुलट केला, खराट्यातला एक हीर उपसला आणि भोकातून आरपार घातला.

"फणस कापताना आधी हाताक तेल लावतत," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तुका कळाक नाय?"

खाच मी हॅकसॉच्या पात्याने खरवडली. पत्रिकेवर, बरोबर 'आपले नम्र'च्या मागे, तेलाची झकास तिरकी रेघ उमटली. संध्याकाळी फांदी खाली आली. एकच कौल फुटलं.

रात्री उभी ठेवली की कटर थोडी गळते, तो तिचा स्वभाव. आईने खाली करवंटी ठेवली आणि सकाळी साठलेलं तेल पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांना लावलं. आता दार करकरत नाही. चहाचा कप उचलून मान वर केली, तर काका समोर बसलेले होते.