आधी अर्ज तरी भरू द्या

अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डासाठी आय-485 अर्ज भरण्याची आमची पाळी आली, तेव्हा आईने माझ्या जन्माचा दाखला काढून पाठवला. शिक्का ठसठशीत होता, सही होती. बाळाच्या नावाचा रकाना मात्र कोरा होता, कारण नोंद बारशाआधीच झाली आणि पुढे नाव कुणी घातलेच नाही. मग आईचे नगरपालिकेतले हेलपाटे, आत्या आणि मोठ्या मामांची प्रतिज्ञापत्रे, हे सारे तीन आठवड्यांत उरकावे लागले. ज्यांची आय-140, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेली याचिका, मंजूर झाली आहे, त्यांनी आपला दाखला आजच उघडून पाहावा, ही कळकळीची विनंती.

माझे खरे म्हणणे मात्र या अर्जाच्या हक्काविषयी आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डे मिळतात, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग लांबते. पण कार्ड हाती येण्याआधी, नुसता अर्ज दाखल झाला तरी माणसाला मोकळा श्वास घेता येतो: 180 दिवस उलटल्यावर त्याच स्वरूपाच्या कामासाठी दुसऱ्या कंपनीत जाता येते आणि मुलांनाही कामाचा परवाना मागता येतो. आज रांगेतल्या अनेकांना तो अर्जच भरता येत नाही, कारण त्यासाठीही प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली जागा ठरवणारी तारीख, व्हिसा बुलेटिन या अमेरिकी सरकारच्या मासिक पत्रकातल्या तारखेच्या आत यावी लागते.

जुलै 2007 मध्ये नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डांच्या जवळजवळ सर्व श्रेणी अर्जांसाठी एकाएकी खुल्या झाल्या, लगेच बंद झाल्या आणि बरीच ओरड झाल्यावर 17 ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले. त्यांतल्या अनेकांना कार्डासाठी पुढे कित्येक वर्षे थांबावे लागले, पण कामाचा परवाना हातात असताना थांबणे आणि एकाच मालकाच्या भरवशावर थांबणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच आय-140 मंजूर होताच अर्ज भरू द्यावा आणि कार्ड मात्र रांगेनेच द्यावे, असा बदल काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यात करावा. त्यात कुणाचाही नंबर मागे जात नाही.

परवाना आल्यावर आमची मुलगी शनिवार-रविवार ग्रंथालयात कामाला जाऊ लागली. तिच्याच वर्गातल्या, आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातल्या मुलीलाही तिथेच काम हवे होते. तिला ते घेता आले नाही. तिच्या वडिलांची प्रायॉरिटी डेट माझ्यानंतर दोन महिन्यांची होती.