झोंबलं म्हणजे लागू पडलं!

आपल्याकडे औषधाची लायकी ते किती झोंबतं यावर ठरते. गुडघा फुटला की आयोडीन हवं, काढा घशाखाली उतरताना डोळ्यांतून पाणी यायला हवं, आणि दाढी झाली की आफ्टरशेव्ह हवंच. बाटली ओंजळीत उपडी करायची, दोन्ही गालांवर फाडफाड मारायची, दातओठ खात ‘स्स्स्स’ म्हणायचं आणि आरशातल्या माणसाकडे बघून समाधानाने मान हलवायची. मेले सगळे जंतू! जंतू मरताना कुणी पाहिलेले नाहीत. बोंबलत असतो तो गाल.

आता गालाची बाजू ऐकू. वस्तरा फक्त केस कापतो हा आपला भाबडा समज. केसांबरोबर तो कातडीचा अगदी वरचा पापुद्राही खरवडून नेतो. हा पापुद्रा मुळात असतोच किती? साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर. मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा, असं त्याचं बांधकाम. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरची घाण आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. थोडक्यात, सोसायटीचा वॉचमन. रोज सकाळी आपण या वॉचमनच्या अंगावरचा गणवेश उतरवतो आणि वर त्याच्यावर स्पिरिट ओततो.

ही आग होते कशी, तेही मजेशीर आहे. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकाला उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. साधारण ४२-४३ अंशांना तो ‘भाजलं, भाजलं’ असा ओरडा करतो. लवंगी मिरची खाल्ल्यावर जिभेवर जो जाळ होतो, तोही याच महाशयांचा उद्योग. आफ्टरशेव्हमधलं अल्कोहोल काय करतं, तर या संवेदकाची ओरडायची पातळी ३४ अंशांच्या आसपास आणून ठेवतं. आणि गाल स्वतः साधारण तेवढाच गरम असतो. म्हणजे आफ्टरशेव्ह लावल्यावर माणूस स्वतःच्याच उबेने भाजून निघतो. मग अल्कोहोल उडतं, जाताना गार वाटतं आणि आपण ‘आहाहा’ करतो. त्या गारव्याबरोबर कातडी आणखी कोरडी पडते आणि अकराच्या मीटिंगपर्यंत तोंडाचा उडदाचा पापड झालेला असतो. हसलं की तडा जाईल असं वाटतं, म्हणून साहेब गंभीर दिसतात.

ओल्ड स्पाइसच्या जहाजाच्या बाटलीशी माझं काही वैर नाही. वास हवा तर शर्टाच्या कॉलरवर लावा. पूर्वी घरोघरी कोलनवॉटर असायचं, ते तापात कपाळावर ठेवायच्या घड्यांसाठी. कपाळावर कुणी वस्तरा फिरवलेला नसतो, हा फरक लक्षात घ्या.

मग करायचं काय? पहिल्यांदा गार पाणी. फ्रिजमधलं नको, माठातलं किंवा नळाचं. चार-पाच ओंजळी. यात घाई होते ती कानाच्या पाळीखाली, नाकपुडीच्या कडेला आणि जबड्याच्या हाडाखाली, आणि तिथेच फेस सुकून राहतो. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) नऊ-दहाच्या घरात, कातडीचा पाचच्या आसपास. सोललेल्या जागी हा फेस दिवसभर बसला तर संध्याकाळी तिथे लाल पट्टा उठणारच. बोअरचं पाणी असेल तर आणखी कठीण. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो, आणि तो चोथा गालाला धरून बसतो. अशा वेळी शेवटच्या दोन ओंजळी पिण्याच्या पाण्याच्या घ्याव्यात. घरात कुणी बघत नाही अशी वेळ साधून.

नंतर टिपायचं. टिपायचं म्हणजे टिपायचं. कढईचा तळ घासल्यासारखं पुसायचं नाही. त्यातही खिळ्यावर चार दिवस लटकलेला, कडक झालेला टॉवेल म्हणजे दुसरा वस्तराच. मऊ सुती पंचा, तोही दाढीपुरता वेगळा. पूर्ण कोरडंही करू नका. किंचित ओलं असतानाच बिनअल्कोहोलचा आफ्टरशेव्ह बाम किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. वाटाण्याच्या दाण्याएवढं गालांना आणि तेवढंच गळ्याला. गळा हा आपल्याकडे कायम उपेक्षित भाग. गालांवर सगळं प्रेम उधळलं जातं आणि कंठमणी बिचारा कोरडाच कामावर जातो.

तुरटीचा विषय निघाला की घराघरांत दोन तट पडतात. माझं मत विचाराल तर तुरटी चांगली, वापरणारे बिघडलेले. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात ती फिरवली की गाळ गोळा होऊन तळाशी बसतो. गालावरही साधारण तोच कारभार: रक्तातली प्रथिनं गोळा होतात, कातडी आकसते आणि बारीक छेदाच्या तोंडाशी बूच बसतं. खडा गार पाण्यात बुडवून दाबून न घासता एकदा फिरवायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि धुऊन टाकायचं. हे धुणंच लोक विसरतात. मग तुरटी गालावरच सुकते आणि कातडीतला उरलासुरला ओलावा शोषून घेते. आणखी एक: ओला खडा डबीत बंद करू नये. आठवड्याने डबी उघडली तर आत चिकट पाक सापडतो. बशीत उभा करून वाळवावा. टोकदार कोपरा निघाला असेल तर आधी ओल्या फरशीवर घासून गोल करून घ्यावा, नाहीतर रक्त थांबवायला आणलेला खडाच नवं रक्त काढतो.

तुरटीला एक फुगवलेली कीर्तीही चिकटली आहे, ती जंतू मारण्याची. त्या भरवशावर सलूनमध्ये एकच खडा सकाळपासून येणाऱ्या प्रत्येक हनुवटीवरून फिरतो. रक्तातून पसरणारे हिपॅटायटिस बी आणि सीचे विषाणू असल्या खड्याला भीक घालत नाहीत. ब्लेडबाबत आपण जागरूक झालो आहोत. कारागीर अख्खं ब्लेड कागदासकट मधोमध दुमडतो, टक् करून मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो आणि ‘नवीन आहे बरं का’ अशा नजरेने आरशातून आपल्याकडे बघतो. हा सोहळा पाहून आपण निश्चिंत होतो आणि तुरटीच्या वेळी डोळे मिटतो. तेव्हाच डोळे उघडे हवेत. ‘दादा, तुरटी राहू द्या, नुसतं गार पाणी मारा,’ म्हटलं तर कुणी रागावत नाही. त्यानंतर ‘क्रीम मसाज करून देऊ का साहेब, काळवंडलाय चेहरा,’ हा प्रश्न येतो. नुकत्याच सोललेल्या कातडीवर खरखरीत स्क्रब म्हणजे पैसे देऊन बिनपाण्याने करून घेणं.

कापलंच तर? आपली परंपरा वर्तमानपत्राची. कोपरा फाडायचा, थुंकी लावायची, हनुवटीवर चिकटवायचा. राशिभविष्याचा तुकडा मिरवत लोक ऑफिसात जातात आणि ‘आज शारीरिक इजा संभवते’ हे भविष्य तिथल्या तिथे खरं ठरवतात. स्वच्छ सुती कापडाची घडी घ्या आणि दोन-तीन मिनिटं सलग दाबून धरा. सलग! दर दहा सेकंदांनी ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघितलं की गोठत आलेलं रक्त कापडाबरोबर निघतं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. कागद लावलाच असेल तर ओला करून मगच काढा. वरचा ओठ आणि हनुवटी जरा जास्तच रडतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल त्याने ट्रिमरवर भागवावं, हे उत्तम.

स्वयंपाकघरातून येणाऱ्या सल्ल्यांत सगळ्यात धोकादायक लिंबू. झोंबतं जोरात, त्यामुळे लोकांचा विश्वासही जोरात. पण लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर रसातली काही द्रव्यं उन्हाशी संगनमत करून कातडी भाजतात. आधी लाली, कधी फोड, मग महिनोन्‌महिने टिकणारे तपकिरी ओघळ. डाग घालवायला लावलेल्या लिंबाचा डाग घालवायला मग दुसरं काहीतरी शोधायचं. टूथपेस्टही नको, ती दातांसाठी असते. कोरफड चालेल, पण कापल्या कापल्या नको. पान कापून बुंधा खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवायचं. पिवळट चीक निथळून जाऊ द्यायचा. हा चीक खाजरा असतो. साल काढून आतला पारदर्शक गर धुऊन घ्यायचा आणि लावायचा. चीक न काढता लावणारे ‘मला कोरफडीची अ‍ॅलर्जी आहे’ असं जन्मभर सांगत फिरतात.

खरं म्हणजे निम्मी आग दाढी चालू असतानाच लागलेली असते. खुंट दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजू दिले की मऊ होतात. कोरडे असले की तारेसारखे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो, तरी ब्लेडची धार जाते. ती झिजून जाते असं आपण समजत होतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली, तर केस तिरका वाकला आणि पोलादाची घडण तिथे एकसारखी नसली की धारेचा बारीक टवका उडतो असं दिसलं. असल्या करवतीने मग एकाच जागी पाच वेळा ओढावं लागतं. साधं ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर टाकावं. काटकसर करायला महिन्याचा दुसरा कुठलाही खर्च निवडा.

आणि सलूनमधला तो ऐतिहासिक प्रश्न: ‘उलटी मारू का?’ केसांच्या उलट दिशेने वस्तरा फिरवला की गाल संगमरवरी होतो, मान्य. पण केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि कुरळा असेल तर वर येताना वाट चुकून आतच वळतो. तीन दिवसांनी गळ्यावर मोहरीएवढ्या लाल पुळ्या उठतात. पाच पात्यांचं रेझर यात तरबेज: पहिलं पातं केस ओढून वर काढतं, मागची खोल कापतात. गळ्यावर केसांची दिशा सरळ नसते, भोवरे असतात; सकाळी बोट फिरवून कुठे खरखरतं ते बघावं आणि तिथे सुलट्यावरच समाधान मानावं. पुळी नखाने फोडू नये. गरम ओल्या कापडाचा शेक द्यावा, आठवडाभर दाढी बंद ठेवावी. आणि मेडिकलवाल्याने ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून दिलेली खाज-जंतू-सूज अशी तीन-इन-एक ट्यूब तर अजिबात नको. तिच्यात बहुधा तगडं स्टेरॉइड असतं. दोन दिवस गाल सुंदर दिसतो, आठवडे गेले की कातडी पातळ आणि लाल होते आणि मग ट्यूब सोडवत नाही.

श्रावण पाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दाढी दिवसाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे गणपती दाराशी येईपर्यंत सेंटिमीटरभर जंगल. त्यात थेट वस्तरा घातला तर केस उपटले जातात आणि आरतीला लालबुंद यजमान उभा राहतो. आधी ट्रिमरने एक मिलिमीटरवर आणावं, भिजवावं, मग एकदाच सुलटी. महिनाभर झाकलेली कातडी भाद्रपदाच्या उन्हात उघडी पडणार, तेव्हा बाम लावून दहा मिनिटांनी सनस्क्रीन, दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढं. झिंक ऑक्साइडचं असेल तर सहसा झोंबत नाही, म्हणजे अर्थातच त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

राहता राहिलं हेल्मेट. ताज्या दाढीवर त्याचा पट्टा नेमका जबड्याखाली घासतो, तिथे घाम साचतो, घामातलं मीठ खरचटलेल्या जागी उतरतं. पट्ट्याखाली सुती रुमाल घालावा आणि रुमाल रोज धुवावा. पुण्यात हेल्मेटला विरोध करताना मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात अशी शेकडो कारणं पुढे आली. दाढी झोंबते हे कारण एवढ्या विचारवंत शहरात कुणालाच कसं सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.