ब्रँड बुक इंग्रजीत, गिऱ्हाईक मराठीत

मागच्या ऑक्टोबरात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर चार पोस्टर पाठवली. चारही डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाच्या इशाऱ्याची, चारहींवर आमच्या कंपनीचं नाव. खाली लिहिलं होतं, "ताई, यातलं तुमचं कोणतं? उद्या सकाळी फवारणी घ्यायचीय."

तीन आमची होती. चौथं कुणीतरी आमचा जुना लोगो चिकटवून फिरवलं होतं आणि त्यातला सल्ला आमचा नव्हता. काकांना ते ओळखू आलं नाही, कारण आमची तीन पोस्टरं तरी एकमेकांसारखी कुठे होती? एक पोपटी, एक निळसर, एकावर पिवळ्या पट्टीत लाल अक्षरं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, झालेली, कोवळी फूट बाहेर आलेली, वरून ढगाळ हवा. अशा वेळी एक चुकीची फवारणी म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका शेतीविषयक स्टार्टअपमध्ये डिझाइनचं काम बघते. रुजू झाले तेव्हा आम्ही ११ जण होतो, दीड वर्षात ८५ झालो. ११ जण एका खोलीत बसतात तेव्हा "लोगो कुठला वापरू?" हे मान वळवून विचारता येतं. पुढे दिंडोरी, पिंपळगाव, मग थेट सांगलीपर्यंत माणसं पसरली. फील्डवरच्या पोराला पोस्टर संध्याकाळी पाचला हवं असतं, कारण पाऊस रात्री येणार असतो. तो मोबाइलवरच कॅनव्हा हे पोस्टर बनवायचं अ‍ॅप उघडतो, ग्रुपवरचा लोगो उचलतो, आवडेल तो रंग भरतो आणि पाठवून देतो. ग्रुपवर फोटो म्हणून टाकलेल्या लोगोची पारदर्शक पार्श्वभूमी व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीशी होते, फाइल जेपीजी होते आणि लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. तो चौकोन मी किती पोस्टरांवर पाहिला, मोजदाद नाही. लोगो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की हे होत नाही. पण हे त्या पोरांना सांगायचं काम माझं होतं.

कित्येक महिने मी त्यांच्यावर चिडत राहिले. लांबलचक सूचना लिहिल्या. चूक माझी होती, हे कळायला ती चार पोस्टरं समोर यावी लागली.

आमचं ब्रँड बुक, म्हणजे लोगो, रंग, अक्षरं कशी वापरायची याची नियमावली, बाहेरच्या एका एजन्सीनं केलेलं, ६४ पानांचं. दिसायला देखणं. लोगोभोवती मोकळी जागा किती, मथळा किती जाड, सगळं त्यात आहे. पण त्या ६४ पानांत मराठीचं एक अक्षर नाही. आमचं अ‍ॅप वाचणारा शेतकरी मराठी वाचतो, कृषी सेवा केंद्राच्या दारावरचा बोर्ड मराठीत, खोक्यावरची माहिती मराठीत. म्हणजे गिऱ्हाईक जे बघतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींसाठी आमच्याकडे नियमच नव्हता. मग प्रत्येकानं आपापला केला. त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. अशा वेळी यंत्र स्वतःकडचा फॉन्ट लावतं. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. एकच वाक्य तीन ठिकाणी तीन चेहऱ्यांनी दिसतं. फ्लेक्सवाल्याकडे गेलं की तिथे श्रीलिपी, म्हणजे चौथा चेहरा.

इंग्रजीचे नियम मराठीला तसेच लावले की काय होतं, तेही सांगते. मथळा उठून दिसावा म्हणून दोन अक्षरांतलं अंतर वाढवायचा नियम होता. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे पडतात. मथळे कॅपिटलमध्ये, असाही नियम होता. मराठीला कॅपिटल अक्षरं कुठून आणणार? दोन ओळींतलं अंतर रोमन लिपीच्या मापानं ठेवलेलं, त्यामुळे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळायचा. ‘पूर्व’ शब्दाचा रफार कापलेला बोर्ड मी स्वतः पाहिला आहे, आणि तो आमचाच होता.

आणि ल, श. यावर ऑफिसात काहींना वाटलं की मी फार ताणते. आपल्या शासनानं २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिले. शाळेत आपण तेच गिरवले. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही रूपं असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. न सांगितलं तर दंडाचा हिंदी ल येतो. वाचणाऱ्याला काय बदललं ते सांगता येणार नाही, पण हे लिखाण आपल्याकडचं नाही असं त्याला वाटतं. मला तरी वाटतं.

आम्ही मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फॉन्ट घेतला. मोफत आहे, सात जाडींत मिळतो, देवनागरी आणि रोमन एकाच घरच्या असल्यानं शेजारी शेजारी शोभतात. मग सगळे मथळे आधी मराठीत बसवले, इंग्रजी त्यावरून. डावणी, भुरी, पाऊस, पाणी अशी दहा पोस्टरं कॅनव्हात तयार करून ठेवली. रंग, लोगो, फॉन्ट जागचे हलत नाहीत; गावाचं नाव, तारीख आणि मजकूर तेवढा बदलायचा. ती वापरा असं एकदाच सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. पाच वाजता घाईत असलेल्या माणसाला तेच सगळ्यात सोपं पडतं.

रंगाचं दुखणं निराळं. पडद्यावरचा टवटवीत हिरवा छपाईच्या चार शाईंत तसाच्या तसा उतरत नाही. तपकिरी खोक्याचा पुठ्ठा शाई पितो, तिथे तोच हिरवा शेवाळ्यासारखा दिसतो. म्हणून फ्लेक्स, खोका आणि टी-शर्ट यांवर खऱ्या यंत्रांतून वीतभर नमुने छापून घेतले, दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहिले आणि खोक्यासाठी गडद हिरवी छटा वेगळी ठरवली. छापखान्यात आता तोच नमुना हातात देतो. आणि फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून देतो, म्हणजे फॉन्ट बदलायचा प्रश्नच उरत नाही.

खर्चाच्या बैठकीत विचारलं गेलं, एवढं सगळं कशाला, आपण काय साबण विकतो का? मी खिशातली पाचशेची नोट टेबलावर ठेवली. नोटा आपल्या नाशिकरोडला छापतात, तशाच देवास, म्हैसूर आणि सालबोनीलाही छापतात. हातात आलेली नोट कुठल्या छापखान्यातली, हे भाजीवाल्या मावशी विचारत नाहीत. रंग, कागद, आकडा ओळखीचा असतो, म्हणून त्या नोट घेतात आणि वेगळं काही दिसलं की उजेडात धरतात. मागच्या बाजूला १५ भाषांमध्ये किंमत आहे, त्यात मराठीही आहे. आमचा सल्लाही शेतकऱ्यानं असाच बघितल्याबरोबर ओळखावा, एवढंच माझं मागणं होतं. पैसे मंजूर झाले.

कृषी सेवा केंद्रांवरचे जुने बोर्ड अजून ४० च्या आसपास आहेत, काही पार ऊन खाऊन पांढरे पडलेत. गोडी छाटणीच्या आत ते सगळे उतरवायचे आहेत. सुरुवात निफाडपासून केली. त्या काकांच्या गावातला बोर्ड परवा बदलला, लावताना ते स्वतः येऊन शिडी धरून उभे होते.